यादीबाहेरच्या एकोणीस बायका

मला फसवणं अवघड आहे. ही बढाई नव्हे. तर्कशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या माणसाची ती किमान पात्रता आहे. एकदा आमचा दूधवाला म्हणाला, म्हशीनं आज कमी दिलं. मी शांतपणे विचारलं, म्हशीनं कमी दिलं आणि माप मात्र रोजच्याइतकंच भरतंय, तर मधला फरक कुणी दिला? दुसऱ्या दिवसापासून त्यानं आमच्याकडे दूध घालणं बंद केलं आणि पंधरा दिवस आम्ही कोरा चहा प्यायलो. पण मुद्दा सिद्ध झाला तो झालाच!

तर असा मी, प्राध्यापक कुंडलिक हरिबा सरगर. मूळचा सांगोल्याकडचा, आणि सोलापूरच्या एका कॉलेजात तर्कशास्त्राचा एकमेव प्राध्यापक. कॉलेजचं नाव सांगत नाही. अजून तिथंच नोकरीला आहे.

गोष्ट आणीबाणीतली, शहात्तर सालच्या जानेवारीतली. प्राचार्यांनी मला बोलावलं आणि बसायला सांगितलं, तेव्हाच मला संशय आला. बारा वर्षांत त्यांनी मला कधी बसायला सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, तर्कशास्त्राला सात विद्यार्थी आहेत. मी म्हणालो, आठ. ते म्हणाले, आठवा परवाच गिरणीत चिकटला. थोडक्यात काय, जूनपासून हा विषय बंद करावा असं संचालक मंडळाच्या मनात होतं. विषय बंद म्हणजे मी बंद. गावाकडे माझा थोरला भाऊ मेंढरं राखतो आणि दर दिवाळीला मला विचारतो, तुझं ते शिकवणं संपलं का, इकडं माणूस कमी पडतोय.

मी बरीच रदबदली केली. शेवटी प्राचार्यांनी एक वाट मोकळी ठेवली. तर्कशास्त्राचा आजच्या काळात काही उपयोग आहे हे दाखवणारा एखादा जाहीर कार्यक्रम घ्या, साठ माणसं जमवून दाखवा, मग मी मंडळाला तसं लिहितो, म्हणाले. साठ म्हणजे साठ, सह्यांसकट. एकोणसाठ झाली तर मेंढरं, हे त्यांनी म्हटलं नाही, मी समजून घेतलं.

उपयोग दाखवायला माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. डॉ. चन्नवीर हिरेमठ, मूळचे अक्कलकोटकडचे, मुंबईत संगणकावर संशोधन करणारे. संगणक म्हणजे कपाटाएवढं आकडेमोडीचं यंत्र आणि ते चालतं शुद्ध तर्कावर, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. आमच्या ओळखीत तो कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, त्यामुळे खोटं ठरण्याची भीतीही नव्हती. मी पत्र टाकलं. डॉक्टर यायला तयार झाले, आणि एकाच दुपारी दोन व्याख्यानं द्यायचंही त्यांनी कबूल केलं. पहिलं 'तर्क आणि यंत्र'. मग चहा. दुसरं 'नावे आणि त्यांचे बंधन'.

सभा म्हटली की त्या दिवसांत पोलीस ठाण्याची परवानगी लागायची. ठाण्यात जोतीराम जमादार बसले होते. त्यांनी माझा अर्ज तीनदा वाचला आणि नावे म्हणजे कुणाची नावे, असं विचारलं. मी समजावून सांगितलं की माणसांची नव्हेत, यंत्राला हिशेब सांगताना आपण एक्स, वाय अशी नावं वापरतो, त्यांची.

"ह्यो एक्स कोण?" जमादारांनी टाक उचलला. "पूर्ण नाव सांगा. बापाचं नाव, आडनाव."

"तसं नाही हो. एक्स कुणीही असू शकतो."

त्यांनी टाक खाली ठेवला. "कुनीबी आसू शकतो. आसं लिवून देता?"

तासाभरानं परवानगी मिळाली, पण अट घालून. येणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव आगाऊ यादीत द्यायचं. कार्यक्रमाच्या दिवशी जमादार स्वतः दाराशी वही घेऊन बसणार, आत जाणाऱ्याची सही नाहीतर अंगठा घेणार आणि वही यादीशी ताडून बघणार. यादीतला माणूस आला नाही तर त्यांची हरकत नव्हती. यादीबाहेरचा आला, तर जबाबदार मी. माझ्यासारख्या स्वभावाचा माणूस पोलिसात भेटल्याचं मला मनातून बरंच वाटलं.

आता माणसं. माझे सात विद्यार्थी, ग्रंथालयातले दोघं, शिपाई, गणिताचे दोन प्राध्यापक आणि ज्यांना मी वर्षभर कँटीनमध्ये चहा पाजला होता असे सगळे मिळून तेहतीस झाले. उरलेली मुलं वाणिज्य शाखेची, म्हणजे हिंदुरावांची.

हिंदुरावांबद्दल आधीच सांगून ठेवतो. हे वाणिज्य विभागाचे प्रमुख, माळशिरसकडचे, धिप्पाड आणि कायम हसतमुख. आता तुम्हीच सांगा, पगार पाच-पाच दिवस उशिरा होणाऱ्या कॉलेजात माणूस कायम हसतमुख कशाला राहील? तर्कशास्त्राची खोली मोकळी झाली तर ती वाणिज्यला मिळणार होती, हे मला ठाऊक होतं. व्याख्यानाचं कळल्यावर ते आपण होऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले की मुलांना येता यावं म्हणून मी त्या दुपारचे माझे तास रद्द केलेत. तास रद्द झाल्याचं कळताच सगळी मुलं दुपारच्या सिनेमाची तिकिटं काढून मोकळी झाली. तास घेतले असते तर निदान कॉलेजात तरी राहिली असती! ही चाल मी तिथल्या तिथं ओळखली. वर जाता जाता त्यांनी विचारलं, "तुमच्या मंडळींचं माहेर आमच्या भागातलं ना?" मी म्हटलं, का? ते नुसते हसले. मी ही गोष्ट डायरीत तारखेसह टिपून ठेवली.

संध्याकाळी मी घरी कपाळाला हात लावून बसलेला पाहून आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे प्रमिलानं, काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बायका चालत्याल का?"

तर्काच्या दृष्टीनं नाही म्हणायला जागा नव्हती. प्राचार्यांनी माणसं म्हटलं होतं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. व्याख्यान झालं की तिथंच हळदीकुंकू करायचं, म्हणजे आमच्या चाळीतल्या बायका येतील, असं तिचं म्हणणं. निम्म्याअधिक बायका घरी विड्या वळायच्या, त्यांना दुपार फुकट घालवणं परवडणारं नव्हतं. त्या सुपं घेऊनच येणार होत्या. ऐकायला कान लागतात, हात मोकळेच असतात, हे शेजारच्या केराबाईंचं म्हणणं मला पटलं.

यादी करण्याचं काम मी कुणावर सोपवलं नाही. तोंडी माहितीवर माझा विश्वास नाही. मी चाळीतल्या घराघरातून रेशनकार्डं मागवली आणि त्यांवरून तीस बायकांची नावं उतरवली. सरकारी शिक्क्याचा पुरावा! केराबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर, कार्डं कशाला? आमालाच इचारा की." मी त्यांना समजावलं की माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते पुराव्यात सगळ्यात शेवटी धरतात. त्या बरं म्हणून गेल्या. यादीच्या शेवटी मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'आयोजक: प्रा. कुं. ह. सरगर व सौ.' मला सोडून तेहतीस आणि तीस, शिवाय सौ., एकूण चौसष्ट. चार जास्तच. मी समाधानानं झोपलो.

कार्यक्रमाच्या दिवशी मी डॉक्टरांना स्टेशनवरून घेऊन आलो तेव्हा सभागृह भरलेलं होतं. दाराशी जमादार वही मांडून बसले होते. डावीकडं पुरुष, उजवीकडं बायका आणि त्यांची सुपं, आणि सगळ्यांत मागं एकटे हिंदुराव, हातात कोरी वही. प्रमिला पुढच्या रांगेत हळदीकुंकवाचं तबक मांडीवर घेऊन बसली होती. प्राचार्यांनी दारातूनच डोकी मोजली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

पहिलं व्याख्यान उत्तम झालं, असं सगळे म्हणाले. डॉक्टर मराठीतूनच बोलले, तेही सोप्या. हे यंत्र हुशार नाही, म्हणाले. त्याला जेवढं सांगाल तेवढंच ते करतं, आणि जे सांगाल ते खरं मानतं. त्याला संशय म्हणून येत नाही. मला त्या यंत्राची कीव आली. मागं हिंदुराव भराभरा काहीतरी लिहून घेत होते. तर्कशास्त्राच्या व्याख्यानात वाणिज्यवाला काय लिहून घेत असेल?

चहाच्या वेळी जमादारांनी मला खुणेनं कार्यालयात बोलावलं. टेबलावर माझी यादी आणि त्यांची वही शेजारी शेजारी होती. त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की पुरुष सगळे जुळले. बायकांमध्ये घोटाळा आहे. यादीतल्या तीसपैकी बाराच आल्यात. अठरा आलेल्याच नाहीत.

"मग उजवीकडं बसल्यात कोण?" मी विचारलं.

"त्येच तुमी सांगायचं. यादीत न्हाईत आशा एकोणीस जणी आत बसल्यात."

मी वही ओढून घेतली. बहुतेकींनी एकेरी नावं लिहिलेली, काहींचे अंगठे आणि पुढं जमादारांच्या हातानं लिहिलेलं नाव. बजा. चिमा. मुक्ता. गंगू. आडनावाचा पत्ता नाही. ही नावं मी घरोघरच्या रेशनकार्डांवर पाहिलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगायला तयार होतो.

इथं एखादा साधा माणूस गडबडला असता. मी नाही. मी पेन्सिल घेतली. अठरा नाहीशा झाल्या आणि, एक जास्तीची सोडली तर, अठराच नव्या आल्या, हा योगायोग असूच शकत नाही. संख्या इतकी नेमकी जुळते याचा अर्थ कुणीतरी योजून माणसं बदललेली आहेत. कुणी बदलली, हे सांगायला तर्कशास्त्र कशाला हवं? यादीबाहेरच्या बायका घुसल्या की कार्यक्रम बंद, कार्यक्रम बंद की विषय बंद, विषय बंद की खोली वाणिज्यला. मी जमादारांना हिंदुरावांच्या चालीची सगळी हकीकत सांगितली. डायरीतली तारीखही सांगितली.

जमादार म्हणाले, ते मागनं बघू. आत्ता एकोणीसच्या एकोणीस भायेर काढाव्या लागत्याल.

चौसष्टातून एकोणीस गेल्या तर पंचेचाळीस. मेंढरं मला दिसायलाच लागली. अशा वेळी बुद्धी धावते म्हणतात ते खरं आहे. अठरांच्या जागी अठरा आल्या, मग एकोणिसावी कशाला आली? तिच्या जागची तर कुणी गेलेली नाही! ज्या अर्थी ती कुणाच्याच बदल्यात आलेली नाही, त्या अर्थी तीच या सगळ्यांची सूत्रधार. बाकीच्या बिचाऱ्या अडाणी, हिच्या सांगण्यावरून आलेल्या. तेवढी एक बाहेर काढली की काम भागतं. राहिल्या त्रेसष्ट.

जमादारांना हे इतकं पटलं की त्यांनी मला विडी दिली. आता ती एकोणिसावी कोण, ते शोधायचं. मी वहीचं पहिलं पान काढलं. सूत्रधार नेहमी आधी येऊन जागा धरतो. बायकांमधली पहिलीच सही होती. मोठ्ठी, वेडीवाकडी, काना एकीकडं आणि मात्रा दुसरीकडं: 'गोजा'. बस्स, एवढंच. ना बाप, ना नवरा, ना आडनाव. अक्षर तर मुद्दाम बिघडवल्यासारखं.

"वळखता हिला?" जमादारांनी विचारलं.

"छे! नाव ऐकलंसुद्धा नाही."

मग तसं लिहून द्या, म्हणाले. मी दिलं. मला मसुदे छान जमतात. 'सदर गोजा नामक स्त्रीस मी ओळखत नाही. तिला मी बोलावलेले नाही. तिचा माझ्याशी अथवा माझ्या कुटुंबाशी कसलाही संबंध नाही. तिच्यावर योग्य ती कारवाई होण्यास माझी हरकत नाही.' खाली सही, तारीख, वेळ. चार वाजून दहा मिनिटं.

आत दुसरं व्याख्यान सुरू झालं होतं. मी व्यासपीठावर जाऊन बसलो. डॉक्टर फळ्यावर दोन चौकटी काढून सांगत होते की नाव हे वस्तूचं नसतं, जागेचं असतं. या चौकटीत एकाला एक नाव बांधलेलं असतं. तोच तुकडा उचलून दुसऱ्या चौकटीत नेला आणि तिथं त्या नावाचं आधीच कुणी असलं, तर गोंधळ होतो. म्हणून आत घेताना आपण नव्याचं नाव बदलतो. काम तेच राहतं, करणारा तोच राहतो, नाव तेवढं त्या घरापुरतं वेगळं. मुंबईत हे शिकवायला मला आठवडा लागतो, म्हणाले. उजवीकडच्या बायका माना डोलवत होत्या. केराबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, पण मला ऐकू आलं, "ह्यात शिकवायचं काय हाय?"

तेवढ्यात जमादार आत आले. डॉक्टर थांबले.

"गोजा कोण हाय? उभं ऱ्हायचं."

जमादारांनी कागद उलगडला आणि माझा मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला. माझं पूर्ण नाव, सही, तारीख, वेळ, सगळं. विडीची पानं कातरणाऱ्या कात्र्या थांबल्या. मी मान उंच करून उजवीकडं पाहत होतो, कोणती बया उठते म्हणून.

पुढच्या रांगेत प्रमिलानं मांडीवरचं तबक उचललं, शेजारणीच्या हातात दिलं आणि ती उभी राहिली.

मी तिला खाली बसायची खूण केली. मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसावं. ती बसली नाही.

"सर, हीच का ती?" जमादार म्हणाले.

"अहो, ही माझी बायको!"

"नाव काय म्हनला?"

"प्रमिला."

"मग गोजा कोण?"

"मीच," ती म्हणाली. "गोजा म्हंजी मीच. तिसरीत असताना मास्तरांनी सही शिकवली, तेवढीच मला येती. पुढची कुनी शिकवली न्हाय."

ती हे जमादारांना सांगत होती, पण बघत माझ्याकडे होती.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमचं लग्न बासष्ट सालचं. आमच्याकडे नवऱ्यानं बायकोचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहायचं. मी तेव्हा ताजा ताजा बी. ए. मला तिचं नाव 'अनुमिती' ठेवायचं होतं, म्हणजे अनुमानानं मिळालेलं ज्ञान. भटजी म्हणाले, हे औषधाचं नाव वाटतं. मग तडजोडीनं प्रमिला ठरलं. आधीचं नाव काय होतं? पत्रिकेत असणार. पण पत्रिका आली तेव्हा मी माझी पदवी बरोबर छापली आहे का, तेवढंच पाहिलं होतं. तिच्या माहेरी सगळे तिला आक्का म्हणतात. चौदा वर्षांत मी कधी विचारलं नाही. ज्याला दूधवाल्याच्या मापाचा संशय येतो, त्याला हा प्रश्न पडला नव्हता. त्या व्यासपीठावर मला इतकी लाज वाटली की टेबलावरच्या तांब्यात मावलो असतो तर शिरलो असतो.

एकदा एक उभी राहिल्यावर बाकीच्यांना धीर आला. बजा म्हणजे आमच्या समोरच्या सुनंदाबाई निघाल्या. चिमा म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शालिनी. अठराच्या अठरा बायका, रेशनकार्डावर सासरच्या नावानं आणि जमादारांच्या वहीत माहेरच्या. काहींना तिच्यासारखी शाळेतलीच सही येत होती. पण अंगठेवाल्यांनी तरी खोटं नाव का सांगितलं, असं जमादार खवळून विचारायला लागले. त्याला केराबाईंनी उत्तर दिलं. त्यांचंही खरं नाव केरा. कार्डावरून मीच उतरवलेल्या निर्मला म्हणजे त्याच, हे मला तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "पोलिसाच्या वहीत सासरचं नाव कसं घालावं, साहेब? घरच्यांची अब्रू जाती. माहेरचं नाव आता कुनाचंच न्हाय, ना त्या घरचं ना ह्या घरचं. ते लिवलं तर कुनाचं काय बिघडतंय?"

डॉ. हिरेमठ इतके खूश झाले की त्यांनी फळ्यावरच्या एका चौकटीत 'गोजा' आणि दुसरीत 'प्रमिला' लिहिलं आणि मधे बाण काढला. जमादारांना ते समजावू लागले की दोन्ही नावं खरी आहेत, दोन्ही याद्याही खऱ्या आहेत. जमादारांना बाणाशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरांनी चार दहाला लिहून दिलं की या बाईला ओळखत नाही. आता साडेचारला म्हणतात, बायको आहे. यातलं एक खोटं. तेव्हा सरांची साक्ष बाद. या बाईला दोन्ही नावांनी ओळखणारा दुसरा कुणी प्रतिष्ठित माणूस असेल तर पुढं यावं, नाहीतर सगळ्यांनी ठाण्यात चलावं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हिंदुराव उभे राहिले.

"मी ओळखतो," ते म्हणाले. "ही आमच्या गावच्या मायाप्पा गडद्यांची गोजा. माझ्या बहिणीच्या वर्गात होती. वर्गात पाढे हिला सगळ्यांत आधी यायचे. लग्नानंतर बघितली नव्हती, म्हणून सरांना मुद्दाम विचारलं होतं की माहेर आमच्याकडचं का." मग जरा संकोचून म्हणाले, "सरांनी काही सांगितलं नाही."

ते हसले. तेच हसू. त्यांच्या हातातली वही मी जवळून पाहिली तेव्हा तिच्यात डॉक्टरांच्या व्याख्यानाचं टिपण होतं, सुवाच्य अक्षरात, माझ्या विद्यार्थ्यांनाही जमलं नसतं असं. या माणसाला मला काहीतरी चांगलं म्हणायला हवं होतं. मी घसा साफ केला, एवढंच झालं.

जमादारांचं निम्मं समाधान झालं. बाईची ओळख पटली, म्हणाले. आता सरांची पटवायची.

"बाई, ह्या मानसाला वळखता का? वळखत आसाल तर नाव सांगा."

सभागृहात खसखस पिकली. बाईमाणसानं नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे उखाण्याशिवाय कसं घेणार? बायका तिला कोपरानं ढोसायला लागल्या, घे की, घे की. चौदा वर्षांत तिनं माझं नाव तीन-चारदाच घेतलं असेल, तेही कुणाच्या तरी लग्नात, पदर तोंडाला लावून, यमक जुळवून. डॉक्टरसुद्धा कौतुकानं पाहत होते. माझीही कळी जरा खुलली. म्हटलं, चला, उखाण्यावर निभावलं.

तिनं पदर नीट केला. माझ्याकडे पाहिलं.

"कुंडलिक हरिबा सरगर."

यमक नाही, राव नाही, काही नाही. शाळेत हजेरी घेतात तसं. आणि मधे माझ्या वडिलांचं नाव, जे सून कधी तोंडातून काढत नाही. सासरे हरिबा, म्हणून तिनं आजवर देवालासुद्धा कधी हरी म्हटलं नव्हतं. कुणी हसलं नाही. केराबाईंनी तोंडावर हात ठेवला. जमादारांनी ते लिहून घेतलं आणि दोन्ही बाजूंनी एकदाचं जुळलं म्हणून वही मिटली.

हळदीकुंकू रीतसर झालं. डॉक्टर रात्रीच्या गाडीनं जाताना मला म्हणाले की तुमच्या पत्नीला एकदा मुंबईला घेऊन या, आमच्या विद्यार्थ्यांशी बोलतील. मला घेऊन या, असं ते म्हणाले नाहीत.

आता विषयाचं काय झालं ते सांगतो. प्राचार्यांनी मंडळाला अहवाल पाठवताना पुरावा म्हणून माझी यादी आणि जमादारांची वही, दोन्ही जोडल्या. मंडळाच्या कारकुनानं दोन्हीतली वेगवेगळी नावं मोजली आणि उपस्थिती ब्याऐंशी धरली! तर्कशास्त्राला ब्याऐंशी श्रोते म्हटल्यावर विषय चालूच ठेवावा असा ठराव एकमतानं झाला. मी तो आकडा दुरुस्त केला नाही. नोकरी वाचली. भावाला तसं पत्रानं कळवलं.

घरी मात्र अजून तिढा आहे. त्या दिवसापासून ती मला नावानं हाक मारते. 'कुंडलिक, चहा झालाय.' 'कुंडलिक, कोथिंबीर आणा.' चाळीत लोकांना वाटतं, आम्ही सुधारक झालो. मी प्रायश्चित्त म्हणून पाटी-पेन्सिल आणून तिला 'प्रमिला सरगर' अशी सही शिकवायला बसलो. ती म्हणाली, एक येती तेवढी बास.

म्हणून एक दिवस मी मन घट्ट केलं, स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तिला 'गोजा' अशी हाक मारली. शक्य तितक्या मायेनं मारली.

ती भाकरी थापत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "त्या बाईचा तुमच्या कुटुंबाशी संबंद न्हाय. लिवून दिलंय तुमी."

मग 'प्रमिला' म्हणून पाहिलं. म्हणाली, त्या नावाची कुणी यादीत नव्हती.

तेही खरंच आहे. यादीत नुसतं 'व सौ.' होतं. दोन्ही विधानं मी तर्काच्या सगळ्या नियमांनी तपासून पाहिली, कुठं खोट सापडत नाही. त्यामुळे हल्ली काही हवं असलं की मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून नुसता खाकरतो. मनात असलं तर ती विचारते, काय पाहिजे.